हँडल तुमच्या सोयीनं

...आणि वर म्हणतो कसा, "काका, सायकलच्या हँडलचं काय, तुमच्या सोयीनं ठेवा!" आता मला सांगा, सोयीनं म्हणजे किती? बोटभर? वीतभर? काही माप आहे का त्याला? तुम्हाला सांगतो, आयुष्यभर मी साहेबाच्या सोयीनं रजा घेतली, मुलीच्या परीक्षेच्या सोयीनं टीव्ही बघितला, म्हणजे बंदच बघितला, सोसायटीच्या सोयीनं आंघोळ केली, कारण पाणीच तेव्हा यायचं... आणि आता रिटायर झाल्यावर हा खालच्या मजल्यावरचा हर्षद, दंड हे एवढे, मला म्हणतो तुमच्या सोयीनं! अरे, सवय नको का त्याची?

सायकल कशाला घेतली ते विचारू नका. बरं, विचारा. घरी एकटा असतो हो! आमची क्षमा... नाही नाही, चेहरे पाडू नका, चांगली धडधाकट आहे, बंगळुरूला आहे! आमच्या निधीच्या बाळंतपणाला गेली, सव्वा महिन्यासाठी. ते बाळ आता नर्सरीत जातं, फोनवर मला इंग्लिशमध्ये झापतं, पण हिचा सव्वा महिना काही संपत नाही! मी जाऊन आलो ना तिकडे. हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचो, पाय बाहेर. जावई रात्री पाणी प्यायला उठला की माझ्या पायांना अडखळायचा आणि वर मलाच सॉरी म्हणायचा. किती दिवस ऐकून घ्यायचं सॉरी? आलो परत मुलुंडला. निघताना सगळे काय म्हणाले? "बाबा, परत या हं, तुमच्या सोयीनं!"

आता इथे घरात आवाज म्हणून नाही. कुकर लावला की तेवढी शिटी होते, तर मी तिला "हो, आलो!" म्हणतो. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, सायकल चालवा, चार माणसांत मिसळा.

मिसळलो! सकाळी आमचा ग्रुप टोलनाक्यापाशी जमतो, हायवेनं कांजूरमार्गापर्यंत जायचं, कचऱ्याच्या डंपिंगचा वास आला की वळायचं. पण ते हँडल! पहिल्या दिवशी इतकं खाली, की मी कांजूरपर्यंत फक्त माझा पुढचा टायर बघितला. ग्रुप कुठे गेला? मला काय माहीत! वास आला म्हणून कळलं की कांजूर आलं. मान धरली, मनगटं गेली. तोच हर्षद आता म्हणतो, "काका, खालीच पाहिजे, वारा कापला जातो!" अरे, मला वारा कापून कुठे जायचंय? घरी कोण वाट बघतंय?

म्हणून गेलो दुकानात, माणिकभाईकडे, सायकल त्याच्याकडूनच घेतली होती. त्या हँडलखाली चकत्या असतात, त्या घातल्या की हँडल वर, काढल्या की खाली. म्हटलं, वर घ्या. घेतलं. अजून वर. घेतलं. अजून! माणिकभाई म्हणाला, "अंकल, सायकल है, रिक्षा नहीं है." मग चालवून बघितली, तर आता मान बरी पण खांदे दुखायला लागले! परत गेलो. खाली. परत गेलो. वर. रोजच जायला लागलो हो... खरं सांगू? तिथे चहा मिळायचा, कोणीतरी विचारायचं "आज कहाँ दुखता है?" घरी कोण विचारतं?

शेवटी ग्रुपमधली स्वरदा, फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं माझी सायकल थांबवली. म्हणाली, "काका, हँडलचं नंतर बघू, तुम्ही कोपरं अशी बाहेर का काढता? मधे कोणी बसलंय का?"

ग्रुप हसला. मी पण हसलो. आणि तुम्हाला सांगतो, पाणी प्यायचं निमित्त करून बाजूला जाऊन उभा राहिलो.

कारण बसायची ना! लग्न नवीन होतं, रिक्षा परवडायची नाही, मी रोज सकाळी क्षमाला स्टेशनला सोडायचो, डबलसीट, पुढे दांडीवर! हँडल वळवलं की तिच्या गुडघ्याला लागायचं. "अहो, वर घ्या ना हे, लागतंय मला!" मग मी पाना घेऊन हँडल वर केलं आणि कोपरं काढली बाहेर. म्हणजे बघा, ते हँडलसुद्धा मी तिच्या गुडघ्यांच्या सोयीनं लावलं होतं! माझी सोय कुठली, हे या हातांना माहीतच नाही.

तसाच तिथून फोन लावला. "अगं, हँडल वर ठेवू की खाली?"

"मला काय विचारता? ठेवा ना तुमच्या सोयीनं."

झालं! माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "माझ्या सोयीनं ठेवायचं तर तू इथे पाहिजेस! करमत नाही मला, कळलं?" हायवेवर, ग्रुपसमोर, ओरडून! मग म्हणाली, "दूध उतू जातंय, ठेवते."

लागली वाट! पण थोड्या वेळानं तिचाच फोन! आवाज असा हळू. म्हणाली, "मी आता दांडीवर नाही हं बसणार या वयात. गुडघे गेलेत माझे. मागे कॅरियर लावून घ्या."

अहो, कॅरियर लावून घ्या! म्हणजे येते म्हणाली की नाही? तुम्हीच सांगा, दुसरा काय अर्थ होतो याचा? कधी, ते मी विचारलं नाही, उगाच नाही म्हणाली तर? तसाच सुटलो माणिकभाईच्या दुकानात, कोपरं बाहेर, हँडलचा विचार नाही, खांद्यांचा नाही! म्हटलं, माणिकभाई, मागे कॅरियर बसवा, चांगला मजबूत, उशीवाला!

त्यानं सायकल उलटसुलट फिरवून बघितली आणि म्हणाला, "अंकल, इसमें कॅरियर नहीं आता. ये सिंगल आदमी की सायकल है."

मी म्हटलं, अरे बाबा... मग हे घेतानाच सांगायचं ना!