कोऱ्या हेल्मेटवरचं आडनाव

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अग्निशामक दलाचे प्रमुख, व्यासपीठावरच्या पाहुण्या, आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या वहिनी, दलातले जवान आणि समोर जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. माझं बोलणं बहुतेक यंत्रांशी, आणि तेही शिव्या घालून. त्यामुळे माईकपुढे जरा बिचकलोय, हे आधीच कबूल करतो. पण त्याचं खरं कारण माईक नाही. ते या टेबलावर, उपड्या खोक्याखाली झाकलेलं आहे. सत्कारमूर्ती साहेब मघापासून त्या खोक्याकडे बघताहेत आणि मग माझ्याकडे. ते बघणं काही फार प्रेमाचं नाही.

माझ्या मागचा फलक सगळ्यांनी वाचलाच असेल. ‘माननीय कोरे साहेब यांना सप्रेम निरोप.’ अक्षर सुरेख आहे. फक्त साहेबांचं आडनाव कोरे नाही. हसू नका, फलक करणाऱ्याचा यात दोष नाही, निम्म्या दलाचा तोच समज आहे. या दलाची पद्धत अशी, की दोरपथकातल्या प्रत्येकाच्या हेल्मेटवर पुढच्या बाजूला आडनाव रंगवायचं. का? तर खाली अडकलेल्याने वर पाहिलं की त्याला एक नाव वाचता यावं, त्या नावाने हाक मारता यावी. घाबरलेल्या माणसाला तेवढाच आधार. साहेबांचं हेल्मेट मात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कोरं आहे. म्हणून ते कोरे.

त्यांचं खरं आडनाव दोरसोडे.

बघा, कशी चुळबुळ सुरू झाली. तेव्हाच्या प्रमुखांनीही हे आडनाव ऐकलं आणि रंगाऱ्याला ब्रश खाली ठेवायला सांगितलं, असं म्हणतात. लटकलेल्या माणसाने वर बघून हे वाचलं, तर तो भीतीनेच जायचा. आता त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं, असंही मी म्हणणार नाही.

आडनाव कुणी दुकानात जाऊन पसंत करून आणत नाही. लोक देतात आणि ते चिकटतं. आपल्याच दलात एक आगलावे आहेत, आणि पाणी मारायला तेच सगळ्यांच्या पुढे असतात. साहेबांचे पूर्वज विहिरी खणायचे. एक भाऊ खाली उतरायचा, दुसरा वर दोर धरायचा आणि त्याच्या मागे त्याची दोन पोरं. एके दिवशी विहिरीची कड ढासळली. वरचे तिघेही आत ओढले जाऊ लागले. वरच्या भावाने दोर सोडला आणि पोरांनाही सोडायला लावला. तिघे वाचले, खालचा भाऊ गेला.

खालच्यानेच ‘सोड’ म्हणून सांगितलं होतं, असं घरात सांगतात. भ्याला आणि सोडला, असं गाव सांगतं. खरं काय, कुणाला ठाऊक? जो सांगू शकला असता तो खालीच राहिला. आणि जो वर होता, त्याने मरेपर्यंत त्याबद्दल तोंड उघडलं नाही. गावाला निकाल द्यायची घाई होती, तो गावाने देऊन टाकला. तोच यांच्या दाराच्या पाटीवर आला.

आडनाव पसरलं किती, म्हणाल तर उलटंच झालं. एके काळी आळीच्या आळी दोरसोड्यांची होती. मग एकेकाने गावाच्या नावाला ‘कर’ जोडून सुटका करून घेतली. एक चुलते तर चक्क दोरधरे झाले. आज या शहरात ती पाटी एकाच घरावर उरली आहे. वहिनींनी लग्न ठरल्यापासून माहेरच्यांचे टोमणे ऐकले. मुलीला शाळेत रस्सीखेचीच्या संघात कुणी घेईना. पाय रोवून उभी राहणारी दणकट पोर, पण आडनाव कळलं की तिला टाळ्या वाजवायला बसवायचे. तिने घरी येऊन विचारलं, आपणही का नाही बदलत? साहेब म्हणाले, बदललं तर गावाचंच खरं ठरेल. त्यांनी ते बदललं नाही, आणि हेल्मेटवर रंगवलंही नाही. माणूस असा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला. आणि अडकलेलं काही असलं, की ते लिफ्टवाल्याला लगेच कळतं.

आता माझी गोष्ट. भर दुपारी, एका जुन्या इमारतीत, लिफ्टच्या टपावर काम करताना माझा पाय घसरला. लिफ्ट आणि भिंत यांच्या फटीतून मी खाली गेलो आणि एका लोखंडी तुळईवर अडकलो. खाली काळोख. तो किती खोल आहे हे मला चांगलंच माहीत होतं, रोजचं काम ते. पंचाईत तीच होती. अनोळखी माणूस निदान आशेवर तरी राहतो.

वरून दोर आला, त्याला पट्टा होता. तो मी कसाबसा छातीला बांधला. वर पाहिलं तर एक दिवा आणि त्याच्यामागे कोरं हेल्मेट. मी ओरडून विचारलं, तुमचं नाव काय? या माणसाला काहीही सांगता आलं असतं. मी कुठे खातरजमा करायला जाणार होतो?

ते म्हणाले, “दोरसोडे.”

खोटं कशाला बोलू? पट्टा सोडून पुन्हा तुळईला मिठी मारावीशी वाटली. भीती वाटते का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मलाही वाटते, म्हणाले.

ओढायला सुरुवात झाली. थोडा वर आलो आणि पट्टा भिंतीतल्या एका लोखंडी आकड्यात अडकला. वरच्यांना ते दिसेना. दोर जड झाला म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. प्रत्येक ओढीला पट्टा आवळत गेला. ओरडावं म्हटलं, तर ओरडायला छातीत हवा लागते, आणि ती आत येत नव्हती. वर एकच गजर, ओढा, ओढा. साहेब सगळ्यात पुढे, अगदी कडेवर, दोरावर तळवा ठेवून बसले होते, हे मला नंतर कळलं. माणूस मोकळा लटकत असला की दोर हाताखाली डोलतो. तो डोलायचा थांबला होता. साहेब म्हणाले, सोडा. पण माणूस टांगलेला असताना दोर सोडा म्हटलं, तर कोण ऐकेल? पथकाचे अधिकारी पुन्हा ओढा म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पोरं-बाळं, घर, काही आठवलं नाही, फक्त हवा हवी होती. तेवढ्यात वरून आवाज आला.

“दोरसोडे सांगतोय. हातभर सोडा.”

त्यांनी सोडला. मी हातभर खाली पडलो, पट्टा आकड्यातून निसटला आणि मी श्वास घेतला. तो श्वास अजून चालू आहे.

त्या विहिरीवर काय घडलं ते मला माहीत नाही, आता कुणालाच कळायचं नाही. पण एका दोरसोड्याने वेळेवर दोर सोडला म्हणून मी इथे उभा आहे. एवढं चार लोकांपुढे सांगायचं होतं, म्हणून आलो.

निवृत्त होणाऱ्याचं हेल्मेट ठाण्याच्या भिंतीवर टांगायची दलाची रीत आहे. टांगायचं तर कोरंच टांगा, असं साहेबांनी प्रमुखांना बजावलं होतं. प्रमुखांनी मान डोलावली, आणि आज सकाळी रंगाचा डबा गुपचूप माझ्या हातात दिला. अक्षरं मात्र माझी नाहीत. ज्या मुलीला टाळ्या वाजवायला बसवायचे, तिची आहेत. ती मागे दाराशी उभी आहे, बोटांचा पांढरा रंग अजून गेलेला नाही.

साहेब, तुमचा शब्द आम्ही मोडला. रंग ओला आहे आणि शेजारी रॉकेलचा बोळा ठेवलाय. नको असेल तर पुसून टाका, कोणी चकार शब्द काढणार नाही. कोरंच टांगू. हे मी खोकं उचललं.

साहेब उठले. वाचताहेत.

बोळा घेतला हातात. वहिनी, तुम्ही बसा. थांबा जरा सगळे.

शेवटच्या अक्षराखाली रंगाचा एक ओघळ आला होता. तेवढाच पुसला. बोळा ठेवून दिला.

अध्यक्षमहाराज, तुमची घंटा मघाशीच वाजली होती, मी ऐकू आली नाही असं दाखवलं. मला बोलायला उभं केलंत, त्याबद्दल दलाचे आणि वहिनींचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, मानपान राहिला असेल, तर लिफ्टवाल्याची जीभ म्हणून पदरात घ्या. फलक तेवढा उद्या दुरुस्त करून घ्या.

आणि साहेब, ते एवढ्यात डोक्यावर घालू नका. ओलं आहे अजून.