हिरवी खार

सून : आई, हा तर चिखल झाला!

सासू : दिसतंय मला. डोळे ठणठणीत आहेत अजून. निळा आणि नारिंगी एकत्र घोटायला कुणी सांगितलं होतं?

सून : तुम्हीच म्हणालात, दोन रंग मिसळून बघू.

सासू : मिसळून म्हणाले, कालवून नाही. आण तो स्पंज इकडे. हे बघ, एका कडेला पिवळा, दुसऱ्या कडेला हिरवा. मध्ये दोघांची नुसती गाठ पडू द्यायची. आता या रबरी ठशावर टेकव. घासू नकोस गं, टिप!

सून : टिपलं. आता कागदावर?

सासू : पालथा ठेव आणि दाब. सगळीकडून सारखा. आता उचल, सरळ वर.

सून : अय्या! पान बघा ना! देठाशी हिरवं, टोकाला पिवळं, आणि मधल्या रंगाला तर मला नावच देता येईना. असं कापड बाजारात आलं तर बायका तुटून पडतील.

सासू : ठशातल्या दोन शिरा बुजल्यात. हे ॲक्रिलिक मेलं लगेच वाळतं. ते टोकदार हत्यार दे, साफ करते.

सून : हे? दातातली कीड काढायचं?

सासू : तेच. दवाखाना बंद केला म्हणून हत्यारांनी काय नुसतं गंजत पडायचं?

सून : आणि ही अक्षरं कधी कोरलीत? मी शिवणाच्या दुकानात गेले तेव्हा तर नव्हती. हा ळ उलटा कसा जमला तुम्हाला? मी उलटं अक्षर काढायला बसले की माझं डोकं गरगरतं.

सासू : अगं, जन्मभर लोकांच्या मागच्या दाढा आरशात बघूनच कोरल्या. मला उलटंच सरळ दिसतं.

सून : म्हणजे मी अगदी योग्य माणूस धरलं.

सासू : धरलंस खरं, पण विचारलंस का? खुशाल वाचनालयात सांगून आलीस, 'पडदा मी शिवते, ठसे सासूबाई मारतील.' उद्या मुलांची खोली उघडणार आणि पडदा अजून कोरा.

सून : विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. दवाखाना बंद केल्यापासून घराबाहेर पडत नाही तुम्ही. तुमचा मुलगा म्हणतो, आई दमलीय, राहू दे तिला. मला नाही वाटत तुम्ही दमलाय. दमलेलं माणूस दिवसभर कपाटं आवरत नाही.

सासू : बडबड पुरे. पडदा ताणून धर, सुरकुती नको. घे, इथून सुरुवात.

सून : वा! कापडावर तर कागदापेक्षा छान उठतंय. इथे एक मारा. आता तिकडे, त्या अक्षराच्या डोक्यावर. आई, जरा सावकाश... आई!

सासू : सुटला.

सून : असू दे, असू दे.

सासू : असू दे काय? पार फरफटला ठसा. तोही बरोब्बर मधोमध. काढ तो पडदा. मला जमणार नाही हे.

सून : एक ठसा तर निसटला.

सासू : ठसा नाही, अंगठा सुटला. तेव्हाही असाच सुटला होता.

सून : कधी?

सासू : दवाखान्यात. खुर्चीत एक बाई होती, तोंड उघडून. माझ्या हातातलं हत्यार निसटलं आणि तिच्या मांडीवर पडलं. लागलं काही नाही, उलट हसली बिचारी. मी दुसऱ्या हाताने कसाबसा तिचा दात पुरा केला. ती गेली आणि मी बाहेर जाऊन पाटी उतरवली.

सून : आम्हाला तर सांगितलंत, कंटाळा आला म्हणून.

सासू : मग काय सांगू? अंगठ्याचा सांधा झिजला, चिमटीत काही ठरत नाही? घरात सगळ्यांनी माझा हात बघत बसायचं? कीव नको होती मला कुणाची.

सून : कीव कसली, आई? कुणाला इजा व्हायच्या आत स्वतःहून थांबलात. मी असते तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला अभिमानाने सांगत सुटले असते.

सासू : म्हणूनच तुला नाही सांगितलं.

सून : बरं, आता डागाचं बोला. हवं तर एवढा तुकडा कापून नवा जोडते. पण शिवण दिसेल.

सासू : कापू नकोस. पुसूही नकोस, पसरेल. पडद्याचं ते टोक वर धर. अजून वर. काय दिसतंय तुला?

सून : डाग.

सासू : नीट बघ. इकडे जाड, मग वळलाय, आणि शेवटी असा पिंजारलेला.

सून : शेपटी! अहो, खारीची शेपटी!

सासू : रबराची मोठी लादी आण. शेपटी झालीच आहे, बाकीची खार कोरू.

सून : पण अंगठा?

सासू : तोच तर घोळ आहे. हत्याराच्या या बारीक दांड्यावर पकड बसत नाही.

सून : मग दांडाच जाड करू. माझ्याकडे चिंध्यांना काय तोटा? माझ्या मोठ्या कात्रीच्या मुठीला मी हेच केलंय. घ्या, धरून बघा.

सासू : अजून एक वेढा दे. थोडा वर. हं! बसली मूठ. कमाल आहे, हे मला कसं सुचलं नाही?

सून : ही शाबासकी समजायची का?

सासू : समज. आणि खिडकीतून बाजूला हो, उजेड अडवतेयस.

(दुसऱ्या दिवशी, वाचनालयातल्या मुलांच्या नव्या खोलीत.)

ग्रंथपाल : या, या. बघताय ना? पुस्तकांकडे कुणी ढुंकून बघत नाहीये. सगळी पोरं पडद्याला चिकटलीत, पानांतून अक्षरं शोधतायत. मला आधी वाटलं, बाहेरून छापून आणलाय. पण एक पान दुसऱ्यासारखं नाही.

सासू : कसं असेल? स्पंजावर दर वेळी रंगांची गाठ नव्याने पडते.

ग्रंथपाल : हे सगळं कोरलं कुणी?

सून : अहो, आमच्या या...

सासू : मी. मी कोरलं.

ग्रंथपाल : आणि ही हिरवी खार! हिच्याभोवती तर जत्रा भरलीय. पण बाकी सगळे ठसे आहेत, शेपटी तेवढी हाताने ओढल्यासारखी. कशी काढलीत?

सासू : काढली नाही, झाली. माझा अंगठा दगा देतो. ठसा घसरला, मग त्या घसरण्याला खार जोडली.

ग्रंथपाल : सांगितलं नसतंत तर कळलंही नसतं हो.

सासू : सांगितलं तर बिघडलं काय?

सून : आणि त्यात आमचा खारीचा वाटा!

सासू : वाटा कसला? अख्खा पडदा तू शिवलास. माझ्या हत्याराला मूठ तू बांधलीस. हे बघा, पडद्याशेजारी नाव लावणार असाल तर दोघींचं लावा. नाहीतर लावू नका.

ग्रंथपाल : दोघींचंच लावतो. एक विचारू का? पलीकडची खिडकी अजून पडद्यावाचून उघडीच आहे. दुपारी ऊन थेट टेबलावर येतं. घाई नाही, म्हणजे, तुम्हाला जमलं तर.

सून : सवडीने बघू. आज आई दमल्या असतील.

सासू : टेप आणलीयेस?

सून : पर्समध्येच असते.

सासू : मग घे की माप.