खांबावरचा माझा फोटो

नाव : नेदा क्रुमोवा इलचेवा
वय : ७३ वर्षे
व्यवसाय : निवृत्त (पूर्वी बालवाडीत स्वयंपाकीण)
राहणार : मुख्य रस्ता, शाळेसमोरच्या वळणावर, मौजे डोल्ना क्रुशा

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वर लिहिलेली बाई मीच असून जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत घ्या असा आग्रह मीच धरला, कारण मागच्या शुक्रवारी हवालदार सावोव माझ्या मृत्यूचा तपास करायला माझ्याच दारात आले होते.

माझे यजमान वारल्यापासून मी एकटी राहते. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, गिना स्तानेवा राहते. वय चौऱ्याऐंशी, एका गुडघ्याने अधू, जिभेने धडधाकट. ती रोज सकाळी काठी टेकत माझ्याकडे कॉफीला यायची. आमचे नाते काही नाही, पण बालवाडी बांधली गेली त्याच्याही आधीपासूनची ही कॉफी आहे.

ईस्टरनंतर डोंगरातली खाण पुन्हा सुरू झाली आणि खडीचे ट्रक आमच्या गावातून जाऊ लागले. वेगाच्या पाटीवर पन्नास लिहिले आहे. ते पाटीपुरतेच. आणि कोणी खरोखर पन्नासने आला तरी गिना रस्त्याच्या मध्यावर असताना तो वळणावरून एकदम अंगावर येतो, थांबायला जागाच उरत नाही. तीसने आला तर थांबता येते. म्हणून गिनाचे येणे बंद झाले. पावाची गाडी आणि शहराची बस दोन्ही माझ्या बाजूला थांबतात, तेही तिला बंद झाले. मी धावत जाऊन तिला पाव देऊन येत असे. मी तिकडेच बसते म्हटले तर तिला राग यायचा. “मी आजारी आहे का, भेटायला यायला?” असे ती म्हणायची. मग आम्ही आपापल्या फाटकात उभ्या राहून ओरडून बोलायचो. पोस्टमनच्या मुलीचे लग्न ठरले हे मला कळले, कोणाशी ठरले ते ट्रकच्या आवाजात गेले. उन्हाळा असा गेला, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

वेगाची मर्यादा तीस करा, असा अर्ज घेऊन मी नगरपालिकेत गेले. तिथल्या वाहतूक विभागाच्या साहेबांनी खुर्ची दिली, चांगले बोलले. त्यांचे म्हणणे असे की, मर्यादा उतरवायला कारण लागते आणि आमच्या वळणावर एकाही मृत्यूची नोंद नाही. एक पुरेल का, असे मी विचारले. ते हसले. मी खरेच विचारले होते.

बसमधून परत येताना मला शोकपत्रकाची कल्पना सुचली. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो घालून काळ्या चौकटीचा कागद फाटकावर, बसथांब्यावर, खांबावर लावतात. लग्नाच्या मिरवणुकीला ओलांडून जाणारा माणूसही कोण गेले ते वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही. छपाईच्या दुकानातल्या बाईने फोटो पाहून हळहळ व्यक्त केली आणि तुमच्या कोण लागत होत्या, असे विचारले. फार जवळची होती, असे मी सांगितले. फोटो जुना असल्याने ती मीच हे तिच्या लक्षात आले नाही. हे मी थोडे मनाला लावून घेतले.

कागदावर मोठ्या अक्षरांत माझे नाव आणि ‘रस्ता ओलांडताना’ एवढेच होते. खाली बारीक अक्षरांत असे होते : ‘अजून गेलेली नाही, पण ट्रक असेच धावले तर फार दिवस काढणार नाही. तुम्हाला हे वाचता येत असेल तर तुमचा आत्ताचा वेग बरोबर आहे. असाच ठेवा.’ हा कागद मी स्वतः वळणावरच्या विजेच्या खांबावर लावला. मला कोणी मदत केली नाही, कोणी चिथावले नाही. गिनाला मी आधी ओरडून सांगितले होते की हे खोटे आहे.

त्याचा उपयोग झाला. मोटारी खांबाजवळ हळू व्हायच्या, लोक काचा खाली करून वाचायचे. दोघे-तिघे हसत हात करून गेले. एका बाईने मात्र मला फाटकात पाहून छातीवर क्रॉसची खूण केली. ट्रक तेवढे थांबत नव्हते. ट्रकवाले उंचावर बसतात, त्यांना बारीक अक्षरे दिसत नाहीत, हे माझ्या ध्यानात आले नाही. ही चूक माझी.

शुक्रवारी दुपारी मी मिरच्या भाजत असताना फाटक वाजले. हवालदार सावोव होते आणि त्यांच्यामागे चाळिशीचा एक माणूस फुले घेऊन उभा होता. फुले सम संख्येत होती, म्हणजे मयताची. हवालदारांनी टोपी काढून इलचेवा कुटुंबातले कोणी घरात आहे का, असे विचारले. मी म्हटले, सगळे कुटुंब तुमच्यासमोर उभे आहे. तो माणूस पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडू लागला.

त्याचे नाव यासेन दोब्रेव, खाणीवर ट्रक चालवतो. खांबावरचा फोटो आणि मोठी अक्षरे पाहून तो त्याच दिवशी आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला होता. आठवड्यापूर्वी आपण आमच्या वळणावरून नव्वदने जात असताना एक म्हातारी बाई मागे झोकांडून चरात पडलेली आरशात पाहिली आणि थांबलो नाही, असे त्याने सांगितले होते. त्याला कोणी पकडले नव्हते. मी त्याला पाणी दिले आणि म्हटले की बाबा, मी कुठे पडले नाही, तुला भास झाला असेल.

त्याने माझ्याकडे नीट पाहिले.

“तुम्ही नव्हता आजी. तिचा एप्रन निळा होता. आणि हातात काठी होती.”

यापुढचे मी सांगते तसे घ्यावे. मी मिरच्या तशाच चुलीवर ठेवल्या आणि डावीउजवीकडे न पाहता रस्ता ओलांडला. गिना तिच्या स्वयंपाकघरात होती. मी तिला घागरा वर करायला लावला. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय काळानिळा होता, कडेने पिवळा पडू लागला होता. आठवडाभर ती त्या पायावर फाटकात उभी राहून माझ्याशी ओरडून बोलत होती.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारले.

“तू मला परत कधी येऊ दिलं असतंस का?” ती म्हणाली. “तुझ्याकडेच येत होते. कंटाळा आला मला तुझ्याशी ओरडून बोलायचा.”

मी तिला खूप बोलले. काय बोलले ते जबाबात घेण्यासारखे नाही. नंतर मी रडले, तेही विचारले म्हणून सांगते.

तोपर्यंत यासेन दारात आला होता. गिनाने त्याला ओळखले नाही, तिला फक्त ट्रक आठवत होता. त्याने टोपी काढून तो मीच, असे सांगितले.  मग तिने त्याला विचारले की लाकडे फोडता येतात का. येतात म्हणाला. या हिवाळ्याची सगळी लाकडे तू फोडायचीस, असे तिने ठरवून टाकले. गिनाने माझ्यासमोर तेवढीच शिक्षा सुनावली. कायद्याने काय होईल ते साहेबांनी पाहावे, माझी स्वतःची त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यासेनने आपला ट्रक वळणावर आडवा लावला. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजले. रस्ता अडवल्याबद्दल त्याला दोष देऊ नये, तसे मीच सांगितले होते. गिना त्याचा हात धरून रस्ता ओलांडून आली, सावकाश, सगळ्या रांगेकडे पाहत. कॉफी तयार होती. पण ती माझ्या फाटकाकडे वळली नाही. सरळ खांबाकडे गेली आणि काठीने व नखांनी खरवडून तिने तो कागद फाडून काढला.

मी म्हटले, अगं, तुला तर ठाऊक होतं ना की ते खोटं आहे.

“ठाऊक होतं,” ती म्हणाली. “पण माझ्या खिडकीतून बारीक अक्षरं दिसत नव्हती, नेदा. फक्त तू दिसायचीस, काळ्या चौकटीत. रोज सकाळी पडदा सारला की आधी तू फाटकात येतेस का ते बघायचे, मग तोंड धुवायचे.”

आम्ही आत गेलो. मी कॉफी ओतली. ती पांचट झाली आहे असे ती म्हणाली.

यासेनच्या जबाबाची नोंद पोलिसांनी नगरपालिकेकडे पाठवली, तेव्हा तिथल्या साहेबांना कारण मिळाले. मंगळवारी दोन माणसे शिडी घेऊन आली आणि त्याच खांबावर तीसची पाटी लावून गेली. काही ट्रक अजून पाळत नाहीत, बहुतेक पाळतात. खाणीवर यासेनने प्रत्येकाला धरून सांगितले आहे असे कळते. गिना आता रोज एकटी येते. मी फाटकात उभी राहते, पण हात द्यायला पुढे जात नाही, तिला ते चालत नाही.

जिवंतपणी स्वतःचे शोकपत्रक लावणे बरे नव्हे, अशी समज इथल्या साहेबांनी मला दिली, ती मी ऐकून घेतली. पुन्हा लावणार नाही असे लिहून देते. गिनाच्या खिडकीतून दिसले नसते तर पुन्हा लावले असते, हेही लिहून घ्यावे.

हा जबाब हवालदार सावोव यांनी मोठ्याने वाचला, मी शेवटपर्यंत ऐकला आणि मी बोलले तेच त्यात आहे. मला आणखी पुष्कळ सांगता आले असते. पण गिना ईस्टरनंतर आज पहिल्यांदा बसने शहरात आली आहे, बाहेर बाकावर बसून काठी आपटते आहे, आणि तिला अंधार पडायच्या आत सगळे शहर बघायचे आहे. सबब इथेच सही करते.

नेदा क्रु. इलचेवा