एका रश्शातले मासे

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! लेरोस बेटावर एक म्हातारी राहायची, म्हणजे मीच, कालिरोई. तिला एक मुलगा, पांतेलिस. एक सून, एव्दोक्सिया, तिकडची लारिसाची, जिथं लोक मासा फक्त बर्फात बघतात. आणि एक सात वर्षांची नात, नोमिकी. धक्क्यावर आमची खानावळ, सहा टेबलं. पाच रिकामी, सहाव्यावर मांजर. मेमध्ये सून म्हणाली, "आई, एवढा उन्हाळा बघते. गिऱ्हाईक आलं नाही तर सप्टेंबरात आम्ही तिघं लारिसाला." आणि बॅगा काढून दारातच ठेवल्या हो तिनं! येता-जाता माझ्या गुडघ्याला लागायच्या...

मग पांतेलिसच्या डोक्यात आलं, दाराशी काचेची टाकी ठेवायची, जिवंत माशांची. पोरं बघायला थांबतील, पोरं थांबली की आया थांबतील, आया थांबल्या की बाप कॉफी मागतील. मी म्हटलं, अरे, तीन पावलांवर अख्खा समुद्र आहे! "त्यात मासे दिसत नाहीत, आई." बरं. टाकी आली, होडी लांब नेऊन स्वच्छ पाणी आणलं, आणि मला म्हणतो कसा, "मासे तू निवड, तुझ्याइतके कुणाला कळतात?" म्हणजे बघा, मुलगा, सून, नात, सगळं त्या टाकीवर, आणि टाकी माझ्यावर! पण कुणाचं कुणाशी पटतं, मला काय ठाऊक?

पिरेअसच्या टाकीवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "याया," आमच्याकडं आजीला याया म्हणतात, "माशाचा स्वभाव बघायचा." स्वभाव! तुम्हाला सांगते, साठ वर्षं मासे साफ करतेय, आत काटा सापडतो, पित्त सापडतं, एकदा कुणा बाईची अंगठी सापडली, स्वभाव काही कधी हाताला लागला नाही! "काही एकलकोंडे असतात याया, काहींना घोळका लागतो, काही जरा मोठे झाले की शेजाऱ्यालाच खातात." अरे, हे माशांचं सांगतोयस की आमच्या गल्लीचं? "आणि सगळ्यात महत्त्वाचा तो क्रम! टाकीत कुणाला आधी सोडायचं, कुणाला शेवटी, तिथंच लोक चुकतात. नीट ऐका, आधी..." आणि रोड्सच्या जहाजानं भोंगा दिला. असा दिला, असा दिला... थांबला तोवर फोन बंद!

शेजारच्या बार्बा निकितासला विचारलं. चाळीस वर्षं जाळं टाकतोय म्हातारा. "विंचूमासा घे, कालिरोई. गरीब बिचारा, दिवसभर जागचा हलत नाही." त्याची बायको खिडकीतून ओरडली, "हलत नाही म्हणून गरीब? माझ्या घरात एक आहे तसला, जेवायला बरोबर हजर असतो!" आता बोला! कुणाचं ऐकायचं? कुणाचं कुणाशी पटतं, मला काय ठाऊक?

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि पहाटे एकदम लख्ख उजेड पडला. अगं कालिरोई, तुला ठाऊक आहे की! आमचा कोळ्यांचा रस्सा, होडीवरच शिजतो तो... त्यात कुणाची चव कुणाशी जमते हे माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. विंचूमासा आणि वाम म्हणजे सख्खे भाऊ-बहीण. त्यांना पट्टेवाला खडकमासा लागतोच. वर बारकी रुपेरी मासळी. शंभर वर्षं एका पातेल्यात गुण्यागोविंदानं आहेत, टाकीत काय भांडणार? आणि क्रम? तोही पाठ! चिवट अंगाचे आधी, नाजूक शेवटी, नाहीतर नाजूकांचा लगदा होतो.

तसंच केलं. आधी विंचूमासा आणि वाम, दोन दिवसांनी खडकमासे, मग वीस बारकी रुपेरी. काय चमकत होती हो!

सकाळी नोमिकी म्हणाली, "याया, अकराच आहेत." दुपारी, "याया, सहा." विंचूमासा जागचा हललाच नव्हता, नुसता जाड झाला होता. सुनेनं बॅगेत नोमिकीचे लोकरीचे मोजे भरले. मोजे, जुलैमध्ये! तेवढ्यात टाकीवाल्याचा फोन, "याया, त्या दिवशी राहिलंच. आधी भित्रे, शेवटी दांडगे!" अरे बाबा...

पण नोमिकीनं धक्क्यावरच्या पोरांना सांगितलं होतं. संध्याकाळी चार पोरं काचेला नाक लावून उभी, त्यांच्यामागं आया, मागं बार्बा निकितास खुर्ची घेऊन. "आज कोण उरलं?" "तो पट्टेवाला टिकतो बघ!" "कसला टिकतोय, वामेचं तोंड बघ!" पोरांनी नावं ठेवली. वाम म्हणजे मुख्याध्यापिका, विंचूमासा म्हणजे नगराध्यक्ष. आणि एक बोटभर चिंगळा, पाण्याबरोबर चुकून आलेला, शिंपल्यात लपायचा नि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जगायचा! त्याच्यासाठी तर पलीकडच्या बंदरातून माणसं यायला लागली. सहाच्या सहा टेबलं भरली. मांजर बाहेर!

सप्टेंबरात एव्दोक्सियानं बॅगा उचलल्या. मी पदराला, म्हणजे एप्रनला, डोळे पुसायला घेतले, तर तिनं त्या कपाटावर टाकल्या. "आम्ही गेलो तर चिंगळ्याकडं कोण बघणार, आई?" पांतेलिसनं आणखी चार टेबलं सांगितलीत. देवानं दिलं हो, भरभरून दिलं...

फक्त माझा रस्सा कुणी मागत नाही. रोज नावानं हाका मारतात ना, मग घास उतरत नाही म्हणे. साठ वर्षं मासे केले, आणि आता भर धक्क्यावर, समुद्राकडं तोंड करून, बसलेय मसूर निवडत!