मामीनं सांगितलेला इंज्युरिअस

इंज्युरिअस या शब्दाचा अर्थ आमच्या शिराळ्याच्या मामीइतका चोख मला एकाही प्राध्यापकानं सांगितला नाही, आणि मामीला सहीसुद्धा येत नव्हती.

सिगारेटच्या पाकिटावर इंग्रजी इशारा तेव्हा नवानवाच छापायला लागले होते. मी सांगलीला इंग्रजी घेऊन बी.ए. करत होतो. सुट्टीत गेलो तर मामा, म्हणजे फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, खोकत खोकत सिगारेट ओढत बसलेले. मी पाकीट पुढं धरलं.

"मामा, वाचा. इंज्युरिअस टू हेल्थ."

"मला इंग्रजी शिकवतोस व्हय रं? इंज्युरी म्हंजे जखम. फौजेत जवानाला इंज्युरी झाली की जादा पेन्शन मिळती. मग इंज्युरिअस म्हंजे काय? पेन्शन मिळवून देणारं!"

"आवं मामा, इंज्युरिअस म्हणजे अपायकारक."

"ते तुझं कालिजातलं. माझं इंग्रजी फौजेतलं हाय."

मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मामाचंच बरुबर हाय रं. पेन्शन मिळणार."

मामांनी ऐटीत धूर सोडला. "ऐकलंस?"

मामीनं भाकरी तव्यावर टाकली.

"तुमच्या माघारी. मला."