आईच्या टिकल्या आणि एक क्रियाविशेषण

तुम्ही मघाशी 'आलंकारिकपणे' म्हणालात ना, मला आईच आठवली. पांडेसऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत, मी सहावीत असताना, देवरे सरांनी हाच शब्द वाक्यात वापरायला दिला होता. मी लिहिलं, 'माझी आई आलंकारिकपणे साडीवर टिकल्या लावते.' सरांनी लाल रेघ मारली. म्हणाले, "हा शब्द बोलण्या-लिहिण्याचा. साडीचा नाही."

मी घरी येऊन रडले. आई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची, त्यावरच आमचं घर चालायचं. आपल्या कामालाच कुणी चूक म्हणतंय असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती साडी घेऊन थेट वर्गात आली आणि सरांच्या टेबलावर पदर पसरला.

"मन्ही पोरनं काय चुकनं, सर?"

सरांनी पदर निरखून पाहिला. "ताई, वाक्याला असं नटवलं की आम्ही म्हणतो, आलंकारिकपणे लिहिलं. मग जितक्या टिकल्या जास्त, तितकं छान, नाही का?"

"नही सर. जास्त लाया ते साडी जड व्हई जास, मंग नेसनारीना खांदा दुखस."

सरांनी खडू उचलला. मग त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला म्हणाले, "निबंध लिहिताना हे लक्षात ठेवा."

आईला वाचता येत नव्हतं. तिने मला हळूच विचारलं, "काय लिखं?"

"तू बोललीस तेच."

ती फळ्याकडे बघतच राहिली. निघताना दारातून म्हणाली, "सरले सांग, आजना दिन पुसू नका."