ओट्यावरची शूटिंग रेंज

आमच्या पूजाच्या नेमबाजीचं काय सांगू! तिला सरावाला सलग दहा मीटर पाहिजेत. आमच्या घरात तेवढं अंतर म्हणजे बेडरूमच्या खिडकीपासून थेट माझ्या ओट्यापर्यंत. ह्यांनी तेलाच्या डब्यात जुनी गोधडी कोंबली, त्यावर टार्गेट चिकटवलं अन् डबा ठेवला गॅसशेजारी. दर छर्‍याला मी बाजूला होऊन ओरडायचं, "मार आता!" सहा महिने एक पोळी धड भाजली नाय.

स्पर्धेत पोरीनं पिस्तूल उचललं अन् नुसती उभीच. वेळ संपत आला. शेवटी न राहवून मी प्रेक्षकांतून ओरडले, "मार आता!"

बरोब्बर मधोमध!

पंच मला बाहेर काढायला आले, तर पूजा त्यांना म्हणते, "सर, आईनं सांगितल्याशिवाय आमच्याकडं गोळी सुटत नाय."